पाणी नको, खत नको



बारा वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एका रोपवाटिकेत कढीपत्त्याचं रोप आणायला गेले, आणि येताना हातात बियांची एक पुडी घेऊन आले. पुडीवर केशरी फुलाचं चित्र होतं. विकणारा म्हणाला, "बाई, डोळे मिटून न्या. पाणी नको, खत नको, कीड नाही, जनावर तोंड लावत नाही. एकदा टाकलं की दरवर्षी आपलं आपण येतं." आमच्या कुंपणालगत हातभर रुंदीची एक पट्टी आहे. तिथं काहीही लावलं की रस्त्यावरच्या गाई मान आत घालून फस्त करायच्या. मला तर हा माणूस देवासारखा भेटला असंच वाटलं.

त्या फुलाचं नाव कॉसमॉस. नाव ओळखीचं नसलं तरी फूल तुम्ही पाहिलेलं आहे. गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुण्याच्या आसपास रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, टेकड्यांच्या उतारावर केशरी-पिवळा रंग सांडलेला दिसतो ना, तोच हा. झाड कंबरेएवढं, चांगली माती मिळाली तर डोक्याएवढं. मूळचा मेक्सिकोचा. १७९१ मध्ये काव्हानिय्येस नावाच्या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्या प्रजातीला कॉसमॉस हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे; अर्थ व्यवस्था, नीटनेटकेपणा, शोभा. यातली शोभा मला लगेच दिसली. व्यवस्थेचं काय झालं ते आता सांगते.

पहिल्या वर्षी पट्टी भरून फुलं आली. येणारा-जाणारा थांबायचा. मधमाश्या यायच्या, फुलपाखरं यायची. समोरच्या काकूंनी बी मागितलं, मग त्यांच्या बहिणीनं मागितलं, आणि मग मला एक कल्पना सुचली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकच्या डब्यांचं आणि स्टीलच्या चमच्यांचं वाण लुटायचा मला कंटाळा आला होता. त्या वर्षी मी जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या केल्या, प्रत्येकीत चिमूटभर बी घातलं, वर कुंकवाचं बोट लावलं आणि पस्तीस जणींना दिल्या. फार कौतुक झालं. एक जण म्हणाली, "वाण असावं तर असं जिवंत!" ते वाक्य मी पुढं वर्षभर स्वतःशी घोळवत होते.

तिसऱ्या वर्षी बी टाकावंच लागलं नाही. पट्टीत आलं, अंगणातल्या फरशीच्या सांध्यांतून आलं, शेजारच्यांच्या पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यातून आलं. आणि भाद्रपदात एका सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला गेले, तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना माझंच फूल! अगदी मनापासून सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसा.

तिथं एक म्हातारे गृहस्थ चार म्हशी घेऊन बसले होते. मी म्हटलं, "काय सुंदर फुललंय ना यंदा!" त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. म्हणाले, "बघायला बरंय. पण खाली गवत राहिलं न्हाई. आन् ह्याला जनावर तोंड लावत न्हाई."

जनावर तोंड लावत नाही. शब्द तेच होते, रोपवाटिकेतल्या त्या माणसाचे. त्याच्या तोंडी ते गुण म्हणून आले होते. या आजोबांच्या तोंडी तीच तक्रार होती.

घरी येऊन मी जुनी पुडी शोधून काढली. (मी काहीही टाकून देत नाही, हा आमच्या घरातला कायमचा वादाचा विषय आहे.) पुडीवर छापलं होतं: कमी पाण्यात वाढते, कोणत्याही जमिनीत येते, रोग-किडीला दाद देत नाही, आपोआप पसरते. आता हेच चार गुण एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवा आणि विचारा, ही कोणती वनस्पती? तो फुलाचं नाव घेणारच नाही. तो म्हणेल, हे तण आहे.

म्हणजे आपण बागेसाठी जे मागतो, त्याचंच दुसरं नाव तण. आपल्याला देखणं हवं असतं, पण त्याचं काही करायला नको असतं. आणि ज्याला आपली गरज नाही, त्याला आपलं कुंपण तरी कशाला लागेल?

यावर कुणी म्हणेल, बाई, परदेशी फुलं काय आजच आलीत? बरोबर आहे. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही मेक्सिकोचाच, कॉसमॉसच्याच सूर्यफुलाच्या कुळातला. सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिका खंडातली. त्यांना कुणी परकं म्हणत नाही, आणि म्हणूही नये. फूल कुठून आलं यावर माझं काही भांडण नाही. ते दारातून बाहेर पडल्यावर काय करतं, एवढंच मी पाहते. झेंडू आपल्या हातानं लावावा लागतो, शेतकऱ्याला त्याची निगा राखावी लागते. दसऱ्याचं तोरण उतरवून टेकडीवर फेकलं म्हणून काही टेकडी झेंडूची होत नाही. कॉसमॉसचं बी मात्र लांबट, काळपट, आणि टोकाला दोन-तीन ताठ काटे. ते काटे कपड्याला, केसाळ कुत्र्याला, पायमोज्याला धरतात. मी रोज सकाळी फिरून यायचे आणि जिन्यावर बसून मोज्यांतलं कुसळ काढायचे. कुसळी गवताला शिव्या देत! त्यात अर्धं कॉसमॉसचं बी होतं, आणि वर जाताना मीच ते घेऊन जात होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही म्हण मी शाळेत तीस वर्षं शिकवली. ती अशी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

नुकसान काय होतं, तेही सांगायला हवं. नाहीतर हे नुसतं एका बाईचं हळहळणं होईल. आपल्या टेकड्या म्हणजे गवताळ माळ. उन्हाळ्यात त्या भुंड्या, करपलेल्या दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं तिथं काहीच नाही. पण पावसाळा लागला की वीतभर उंचीच्या झाडांचा मेळा भरतो. केना, जांभळी नभाळी, मुसळीची पांढरी फुलं, कुर्डूचे तुरे, झुडपावरून चढणारी कळलावी. त्यांना दोन-तीन महिन्यांत उगवायचं, फुलायचं आणि बी धरायचं असतं. त्यांच्यावर कंबरभर उंचीची दाट छत्री आली की ऊनच मिळत नाही. एका वर्षात ती मरत नाहीत. दरवर्षी थोडी कमी होतात, आणि कमी झाली हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रंग तर वाढलेला असतो! लोक मुलांना केशरी फुलांत उभं करून फोटो काढतात.

काँग्रेस गवताचं तसं झालं नाही. १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा आपल्या पुण्यातच नोंदवलं गेलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. तेही अमेरिका खंडातलं, तेही सूर्यफुलाच्याच कुळातलं. पण दिसायला पांढुरकं, सामान्य, वर अंगाला खाज आणणारं. त्याला उपटताना कुणाचा हात अडखळत नाही. देखण्याला ती शिक्षा होत नाही.

घाणेरीचंच बघा. तिला टणटणीही म्हणतात. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुलं. उमलताना पिवळी असतात, वय वाढलं की रंग बदलतात. या रंगांसाठीच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. बुलबुलांनी तिची काळी फळं खाल्ली आणि पुढचं काम केलं. आज ती देशभरच्या जंगलांत माणसाला वाट काढता येणार नाही अशी माजली आहे, आणि तिचा पाला खाल्ला तर गुरांना विषबाधा होते. नीलगिरीच्या आदिवासी कारागिरांनी तिच्या काड्यांपासून खऱ्या आकाराचे हत्ती बनवले, ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभे होते. हत्तीच्या हत्ती करूनही संपत नाही म्हणजे ती किती असेल, याचा अंदाज करा.

घाणेरीची बाजू घेणारे नेहमी सांगतात, तिच्यावर फुलपाखरं येतात. येतात ना! मध प्यायला येतात. पण अंडी घालायला ती लिंबावर जातात, कढीपत्त्यावर जातात, रुईवर, पानफुटीवर जातात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, त्याच्या अळीला लिंबाच्याच कुळातला पाला लागतो. घाणेरीची बाग म्हणजे खाणावळ उत्तम, पण बाळंतपणाला जागा नाही. (आणि मी त्या दिवशी कढीपत्त्याचं रोप न घेताच परत आले होते, हे तुमच्या लक्षात असेलच.)

जलपर्णीची गोष्ट तर तुम्हाला नदीच्या पुलावरून रोज दिसते. ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिची फिकट जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा ठिपका. तीही शोभेसाठीच देशोदेशी फिरली. बंगालमध्ये तिनं होड्यांच्या वाटा आणि भातशेती इतकी अडवली की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. अजूनही गच्चीवरच्या टबात ती लावणारे लोक आहेत. टबात ती शहाण्यासारखी राहते. एक दिवस टब नको होतो, आणि मग तो ओढ्यात रिकामा केला जातो.

आणि ती पिवळ्या फुलांची, जमिनीवर सतरंजीसारखी पसरणारी वेडेलिया. रस्त्याच्या दुभाजकात, सोसायटीच्या उतारावर सगळीकडे दिसते. तिला बी धरायचीही गरज नाही. देठाच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. छाटणी करून माळी भारा नाल्याकाठी टाकतो, आणि तो भारा तिथं संसार थाटतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आगंतुक जिवांची एक यादी निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं केली आहे. तिच्यात घाणेरी आहे, जलपर्णी आहे, कोकणातली रानमोडी आहे आणि ही वेडेलियाही आहे. रानमोडीचं नाव ज्यानं ठेवलं, त्यानं यादी वाचली नव्हती. त्यानं रान पाहिलं होतं.

मग करायचं काय? सगळं उपटून अंगणात फरशी घालायची? छे! फरशी घालणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे, तो पुन्हा कधीतरी. माझ्यापुरतं मी काय केलं ते सांगते. कॉसमॉस एका हंगामाचा. बी धरण्याआधी, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, ओल्या मातीतून तो दोन बोटांनी निघतो. सलग काही वर्षं काढला तर जमिनीतला साठा कमी होत जातो. फारच मोह असेल तर एक झाड कुंडीत ठेवा आणि फूल सुकायला लागलं की रोजच्या रोज खुडा. वेडेलियाची छाटणी गच्चीवर कडक उन्हात कुरकुरीत वाळवा, मगच टाका.

आणि त्या पट्टीत आता तेरडा आहे. कोकणात गौर म्हणून पूजतात, तोच. त्याच्या बोंडाला हात लावला की ते फुटतं आणि बी उडवतं, म्हणजे पसरायची हौस त्यालाही आहेच. पण इथल्या मातीची, किड्यांची, गवताची त्याच्याशी जुनी ओळख आहे. त्यामागे कोरांटी, कोपऱ्यात रानहळद. कोरांटीच्या काट्यांनी गाईंचाही प्रश्न सोडवला. कळलावीचा कंद एकदा आणला होता, पण तो अत्यंत विषारी. नातू लहान होता, म्हणून परत दिला.

खरं अवघड होतं ते त्या पस्तीस पुड्यांचं. दिलेलं वाण परत कसं मागायचं? गेल्या संक्रांतीला मी पुन्हा हळदीकुंकू केलं. तिळगूळ दिला आणि सगळ्यांना सांगितलं, तेव्हा मी दिलेलं झाड यंदा पावसाळ्यात उपटा. दोघी हसल्या. एक रागावली, म्हणाली, "इतकं छान येतं, आणि काही करावंही लागत नाही!" मी म्हटलं, तेच तर. तिला पटलं नाही. तिच्या गेटशी आजही ते झोकात डोलतंय.

आता आम्ही आठ-दहा जण रविवारी सकाळी टेकडीवर जातो, पोती घेऊन. मागच्या रविवारी एका लहान मुलीनं विचारलं, "आजी, चांगली झाडं का तोडता?" तिला समजावायला मी खाली बसले, वीतभर केशरी जंगल बाजूला सारलं आणि तळाशी नभाळी सापडते का बघू लागले. बराच वेळ शोधावं लागलं. एक मिळाली, नखाएवढी, जांभळी. तिनं वाकून पाहिली, मग म्हणाली, "ही तर किती छोटी आहे."

आज इथं बोलायला यायचं म्हणून घराबाहेर पडले, तर गटाराच्या जाळीतून एक कोंब वर आलेला. कातरलेली चार पानं, झेंडूचीच वाटावीत अशी. उपटला, पर्समध्ये टाकला. कुलूप लावून वळले तर पायरीच्या फटीत दुसरा.