बोली लावली, पैसे नाहीत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? मला ना पाककृती सांगता येत, ना प्रवासवर्णन." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमची त्या लिलावात फजिती झाली ना, तेवढीच सांगा." फजितीलाच आमंत्रण आल्यावर नाही कसे म्हणावे? शिवाय न्यू जर्सीतल्या आपल्यापैकी बऱ्याच जणींनी सध्या तळघरे रिकामी करावयास काढली आहेत, आणि जुन्या वस्तू ईबेवर विकाव्या का, असे चौघींनी तरी मला विचारले आहे.

आमच्या ह्यांना पोस्टाच्या तिकिटांचा नाद होता. हे गेल्यावर सहा जाडजूड अल्बम माझ्याकडे राहिले. त्यांत गांधीजींचा चार तिकिटांचा संच होता. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी निघालेला. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. संग्राहक जीव टाकतात तो ह्या दहा रुपयांच्या तिकिटावर. साताऱ्याच्या आमच्या वन्संच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. त्यांच्या भावाचीच वस्तू त्यांच्या उपयोगी पडावी, असा विचार करून २०२२ च्या ऑक्टोबरात मी तो संच लिलावाला लावला.

सात दिवसांनी बोली थांबली ती २०७ डॉलर ५० सेंटांवर! मी त्याच रात्री वन्संना फोन केला, "पंधरा दिवसांत पैसे पाठवते, तारीख घेऊन टाका." त्यांनी घेतलीही. इथेच माझे चुकले. बोली म्हणजे पैसे नव्हेत.

आपल्याकडच्या लिलावात माणूस समोर उभा असतो. एक वार, दोन वार, तीन वार झाले की त्याला हलू देत नाहीत. विसार ठेवून घेतात. माझ्या लिलावात विसार नव्हता आणि माणूसही दिसत नव्हता. कुणीतरी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बोट दाबले, एवढेच. गंमत अशी की ह्या ईबेचा आरंभ मोठा भाबडा आहे. १९९५ साली पिएर ओमिद्यार नावाच्या तरुणाने कॅलिफोर्नियात हा उद्योग काढला, तेव्हा पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंटांना. मोडक्या वस्तूचे पैसे मिळाले, आणि माझ्या धडधाकट तिकिटांचे मिळेनात!

पैसे देण्यास खरेदीदाराला चार दिवस असतात. पाचव्या दिवसापासून विकणाऱ्याला सौदा रद्द करता येतो. हे मला ठाऊक होते. पण भीड आडवी आली. बिचाऱ्याच्या घरी काही अडचण असेल, म्हणून मी गोडीगुलाबीचे पत्र लिहिले. उत्तर आले, "पुढच्या आठवड्यात पगार होतो." नवव्या दिवशी पुन्हा लिहिले, तर "उद्या नक्की." बाराव्या दिवशी म्हणतो, "माझ्या मुलाच्या हातून चुकून बोली लागली, कृपया रद्द करा." साताऱ्याची तारीख तोवर तोंडावर आली होती. वन्संनी ती सोडून दिली. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले.

रद्द करताना कारण नोंदवावे लागते. "खरेदीदाराने पैसे दिले नाहीत" हे एक; "खरेदीदारानेच रद्द करण्यास सांगितले" हे दुसरे. मी सभ्यपणाने दुसरे निवडले. कशाला कुणाच्या नावावर डाग? पण भगिनींनो, तो डाग विकणाऱ्यांच्याच उपयोगाचा असतो. ज्यांच्या नावावर असे बुडीत सौदे साचले आहेत, त्यांना आपल्या वस्तूवर बोलीच लावू द्यायची नाही, अशी अट आपल्याला घालता येते. २००८ सालापासून विकणाऱ्याला खरेदीदाराविषयी वाईट अभिप्राय लिहिता येत नाही. बरा लिहा, नाहीतर गप्प बसा. तेव्हा ही नोंद हीच काय ती आपली साक्ष, आणि ती मी दिली नाही. ईबेची कसर तेवढी परत मिळते, ती मिळाली.

मग दुसऱ्या क्रमांकाच्या गृहस्थांकडे वळले. हरलेल्या बोलीवाल्याला "दुसरी संधी" म्हणून वस्तू देऊ करता येते. किंमत मात्र त्याने स्वतः लावलेली सर्वांत मोठी बोली, म्हणजे ह्यांच्या बाबतीत २०५ डॉलर. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले : "पहिला बोलीवाला तुमचाच माणूस होता काय?"

मी संतापले. अंग थरथरले म्हणा ना. पण चहा करून पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांचा हिशेब पटला. तिसऱ्याची बोली होती १३० डॉलर. तो न देणारा मध्ये आलाच नसता, तर ह्या गृहस्थांना संच १३० च्या वर एक पायरी, एवढ्यात मिळाला असता. भाव चढला तो अशा माणसामुळे, ज्याला घ्यायचेच नव्हते. आपलाच साथीदार उभा करून बोली चढवायची आणि मग हरलेल्याला वस्तू देऊ करायची, अशी लबाडी करणारे असतात. नियमाने ती बंद आहे, तरी असतात. माझा काही दोष नव्हता, पण २०५ हा भाव खरा नव्हता. तसे मी त्यांना लिहिले, आग्रह केला नाही, आणि लिलाव नव्याने लावला.

दुसऱ्याच संध्याकाळी पाहते तो काय, बोली लावणाऱ्यांत तेच जुने नाव! ज्याच्या मुलाच्या हातून चूक झाली होती, तोच. इतर बोलीवाल्यांना ही नावे झाकलेली दिसतात, पण विकणाऱ्याला दिसतात. ह्या वेळी भीड धरली नाही. विकणाऱ्याला एखादी बोली काढून टाकता येते, ती काढली, आणि त्याला बंदीच्या यादीत घातले. दोन मिनिटांचे काम. पहिल्याच खेपेस केले असते, तर एवढे रामायण झाले नसते.

हा गृहस्थ निदान नुसताच बुडवा होता. त्याहून वाईट भेटतात. एक म्हणतो, "जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे तुम्ही मला परत करा." चेक खोटा निघतो आणि परत केलेले पैसे खरे असतात. दुसरा पत्र धाडतो, "पैसे जमा झाले आहेत, पार्सलचा क्रमांक कळवा म्हणजे सुटतील." पत्रावर बोधचिन्ह वगैरे अगदी हुबेहूब. पत्राकडे पाहूच नका. आपल्या खात्यात शिरून सौद्यापुढे पैसे मिळाल्याची नोंद आहे का, तेवढे पाहा. ती दिसेपर्यंत पार्सलाला दोरीसुद्धा बांधू नये.

कोर्टात का गेला नाहीत, असे आमच्या जावयांनी विचारले. दोनशे डॉलरसाठी, न पाहिलेल्या माणसामागे? मला दुसरे उद्योग आहेत.

संच गेला १४२ डॉलरना. घेतला तो त्याच संशयी गृहस्थांनी, आणि तासाभरात पैसे भरले. पार्सल पोचल्यावर त्यांनी लिहिले की दहा रुपयांचे तिकीट ते लहानपणापासून शोधत होते. वन्संना मी पदरची भर घालून रक्कम पाठवली. जानेवारीत एका डोळ्याचे झाले, दुसऱ्याचे दिवाळीनंतर. पैसे येण्याआधी मी आता कुणालाही फोन करीत नाही.

पाच अल्बम अजून कपाटात आहेत. ज्यांना काही विकावयाचे असेल त्यांनी चहानंतर आपापला फोन घेऊन माझ्यापाशी यावे. ती बंदीची यादी कुठे सापडते ते दाखवते. चष्मा विसरू नका, अक्षरे फार बारीक आहेत.