पोढ्यांच्या गावात आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, भूवैज्ञानिक मंडळी आणि नाशिककर बंधू-भगिनींनो,

मी साधा द्राक्ष बागाईतदार. खडकाशी माझा संबंध विहिरीपुरता. तरी स्वागताध्यक्षपद गळ्यात पडले आणि तीन रात्री झोप नाही.

नाशिक म्हटले की रामकुंड आणि काळाराम आलेच. १८४० पासूनचे आमचे 'सावाना', म्हणजे सार्वजनिक वाचनालय, त्यावर तर मी तासभर बोलेन. पण कार्यवाहांनी आताच घड्याळ दाखवले.

उषवदाताचे नाव मात्र घेणारच. हा क्षत्रप नहपानाचा जावई. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत त्याचा शिलालेख आहे. लेणे कोरवले, शिवाय पोढ्या केल्या, हे त्याने आवर्जून लिहवून घेतले. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. जवळपास १९०० वर्षांपूर्वी त्याला कळले होते की हा पाषाण पाणी पीत नाही, धरून ठेवतो. गावात त्याचे नाव कोणी काढत नाही, याची मला खंत आहे.

तुम्ही सांगता, हे लाव्ह्याचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मला त्यांची ओळख झाली ती बोअर घेताना. वरचा मुरूम गेला, मांजऱ्या गेला, मग काळा पाषाण लागला. चारशे फुटांपर्यंत नुसती राखेसारखी भुकटी उडत राहिली. बांधापलीकडच्या आजोबांच्या विहिरीला मात्र पस्तीस फुटांवर पाणी! पाणी मुरमात आणि भेगांत असते, हे शहाणपण मला पैसे मोजून मिळाले. आता त्याच मुरमाच्या टेकड्या भरावासाठी पोखरल्या जातात आणि वर काँक्रीट पडते. मग पाऊस मुरायचा कुठे?

उणिवा पुष्कळ आहेत. या कार्यालयाची बोअर परवाच आटली. भूजलाच्या परिषदेत पाहुण्यांना टँकरच्या पाण्याने आंघोळ घालावी लागली, याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. खोल्या कमी पडल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी आपली घरे उघडली. द्राक्षे बागाईतदारांची, मांडव व्यापारी मित्रांचा, जेवण महिला मंडळाचे. नावे घेतली तर एखादे राहील आणि मला गावात राहायचे आहे. सर्वांचा मी ऋणी आहे.

उद्या सहल पांडवलेण्यांना. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर निघू. पोढ्या जरूर पाहा. हातोडे मात्र कृपा करून गाडीतच ठेवा.