कार्तिकातला काकडा



वर्ध्याहून आर्वीकडे निघालं की वाटेत आंजी (मोठी) लागतं. या पट्ट्यात कोजागिरी आटोपली की विठ्ठलाच्या देवळात काकडा सुरू होतो, तो कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालतो. दिवस कसे, तर कापूस फुटलेला, सोयाबीन घरात आणायची घाई, हरभऱ्याच्या पेरणीची धांदल. शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते, आणि देवाला जागं करायचं ते याच महिन्यात! पण वेळ परवडणारी आहे. पहाटे आरती, भूपाळ्या, गौळणी. उजाडेपर्यंत सारे मोकळे. दिवस निघाला की माणसं वेचणीला जातात.

काकडा म्हणजे तुपातेलात भिजवलेली कापडाची जाड वात. ती पेटवून देवाला ओवाळतात. या उत्सवाला मोठा खर्च लागत नाही, लागतात माणसं. कोणी सडा टाकतं, कोणी रांगोळी काढतं, कोणी मृदंग धरतं, कोणी चहाचं पातेलं चढवतं. ज्याला चाल येत नाही त्यानं टाळ धरावा, टाळही जमत नसेल तर नुसतं उभं राहावं. शेवटी दिंडी निघते, गोपाळकाला होतो, आणि वरण, भात, पोळी, आलू-वांग्याच्या भाजीची पंगत बसते. आर्वीच्या पलीकडे, वर्धा नदीकाठी, रुक्मिणीचं माहेर मानलेलं कौंडण्यपूर आहे. तिथं याच सुमारास यात्रेची गर्दी उसळते.

मात्र देवळात सगळ्यांनी मिळून उभं राहणं आपल्याला आयतं मिळालेलं नाही. जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं. तेव्हा विरोध झाला, तरी दार उघडलंच. 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. तो काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. आणि ज्या विठ्ठलासाठी आपण काकडा पेटवतो, त्याच्या पंढरपूरच्या गाभाऱ्याची वाट मोकळी व्हायला 1947 साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

आज कायद्यानं दार उघडं आहे. पण दार उघडं असणं वेगळं आणि आत आलेल्याच्या हाती काम देणं वेगळं. म्हणून यंदा काकड्याला जाल तेव्हा विठोबाचं मुख डोळे भरून पाहाच. सोबत झाडू कोणाच्या हातात आहे, वीणा कोणाच्या गळ्यात आहे, स्वयंपाकाच्या चुलीजवळ कोणाला येऊ देतात आणि पंगतीत आपल्या शेजारी कोण बसलंय, हेही पाहा. यातलं काही खटकलं, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत बोला. उत्सव पाळण्याचाच तो भाग आहे.