घरची गिटार, शेजारची झोप

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी माझा भाचा चंदनसारहून आला. चहाचा कप हातात घेतला न घेतला तोच म्हणाला, "मामा, मला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यायचाय. पण तो स्वस्त हवा, आणि आवाजही कमी हवा."

मला हसू आलं. माझा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. आमच्या वेळी गिऱ्हाईक येई ते एकच तक्रार घेऊन : "आवाज कमी येतो, वाढवून द्या." आवाज कमी करण्यासाठी पैसे मोजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण त्याची हकीकत ऐकली आणि हसू मावळलं.

चंदनसार आपल्याला ठाऊक असेल. विरारच्या पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या बाजूची ही वस्ती. जुनं गाव, चाळी आणि नव्या इमारती यांची तिथं सरमिसळ झाली आहे. भाच्याचं बिऱ्हाड चाळीत, दोन खोल्यांचं. मुंबईतली नोकरी आटोपून विरार लोकलनं तो घरी पोचतो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. भिंतीपलीकडे एक बाई राहतात. त्या इस्पितळात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. रात्री वाजवावं तर सारी चाळ झोपलेली, सुटीच्या दिवशी दुपारी वाजवावं तर बाई झोपलेल्या. त्यानं गिटार वाजवायची तरी केव्हा? सहा महिने ती खोळीतच पडून होती. "बोटं विसरायला लागलीत, मामा," तो म्हणाला. हे वाक्य माझ्या मनाला लागलं. म्हणून त्या दिवशी मी त्याला जे सांगितलं, तेच आज आपल्याला सांगणार आहे. अशी खोळीतली गिटार कदाचित आपल्याही घरी असेल.

पहिला प्रश्न असा, की व्हॉल्व्हच कशाला? १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरच्या रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही. याचं कारण हौस एवढंच नाही. ट्रान्झिस्टरच्या साध्या ॲम्प्लिफायरवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार पडला, की तो आवाजाचा माथा सुरीनं कापल्यासारखा कापतो, आणि ते कानाला बोचतं. व्हॉल्व्हवर भार पडला, की तो हळूहळू दबतो. आवाजाला गोलाई येते, सूर थोडा फाटतो, पण त्या फाटण्यात एक गोडवा असतो. शिवाय तार हलकी छेडली तर स्वच्छ सूर आणि जोरात छेडली तर खरखरीत सूर, असं ते यंत्र बोटांना उत्तर देतं. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी विजेच्या गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या आपण ऐकल्या असतील. तो जमाना व्हॉल्व्हचाच होता.

पण इथंच खरी मेख आहे. हा गोडवा येतो तो व्हॉल्व्हवर भार पडल्यावर, आणि भार टाकायचा म्हणजे आवाज वाढवायचा. म्हणजे सूर हवा तर शेजारी उठणार, आणि शेजारी झोपायला हवा तर सूर मिळणार नाही. मग साहजिकच वाटतं, की वॅट कमी असलेला ॲम्प्लिफायर घ्यावा, म्हणजे तो लवकर दमेल.

कल्पना बरोबर आहे. पण वॅटचा हिशेब आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. पन्नास वॅटच्या यंत्राचा आवाज पाच वॅटच्या यंत्राच्या दसपट असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आपल्या कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. आता हेच गणित उलटं करा. पाच वॅटचा आवाज निम्मा वाटायला अर्ध्या वॅटवर यावं लागतं, आणि आणखी निम्मा व्हायला वॅटच्या विसाव्या हिश्शावर. गिटारचे स्पीकरही असे तिखट असतात, की एका वॅटला एक मीटरवर ९५ डेसिबलच्या आसपास आवाज सहज देतात. आपलं साधं बोलणं असतं ६० च्या आसपास. म्हणजे "फक्त पाच वॅट" म्हणून आणलेलं यंत्र पुरतं उघडलं, तर त्याच्या शेजारी उभं राहून ओरडून बोलावं लागेल. पाच वॅटचा ॲम्प्लिफायर हा चाळीतल्या खोलीसाठी लहान नाही, हे पहिलं लक्षात ठेवा.

आणि कायदाही ध्यानात असू द्यावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. कायद्याचा बडगा दाखवण्यासाठी हे सांगत नाही. शेजारधर्म कायद्याहून जुना आहे.

मग घ्यावं तरी काय? भाच्याला मी चार गोष्टी पाहायला सांगितल्या.

पहिली गोष्ट, शक्ती कमी करण्याची कळ. काही यंत्रांना मागं किंवा पुढं अशी कळ असते. व्हॉक्सनं काढलेल्या 'एसी ४ टीव्ही' या लहान यंत्रात चार वॅट, एक वॅट आणि पाव वॅट अशा तीन पायऱ्या होत्या. बुगेराच्या 'व्ही ५' मध्ये पाच, एक आणि वॅटचा दहावा हिस्सा. मार्शलच्या 'डीएसएल १' मध्ये एक वॅट आणि त्याचा दहावा हिस्सा. ब्लॅकस्टारचा 'एचटी १' मुळातच एका वॅटचा. नावं उदाहरणादाखल सांगितली; अमुकच घ्या असं मी म्हणत नाही. घरासाठी वॅटचा दहावा हिस्सा ही पायरी खरी कामाची, एवढं मात्र नक्की.

दुसरी गोष्ट, मास्टर व्हॉल्यूम. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात लहान व्हॉल्व्ह, बहुधा 'ईसीसी ८३', गिटारचा बारीक संदेश मोठा करतो. दुसऱ्या टप्प्यात 'ईएल ८४' किंवा '६ व्ही ६' सारखा दणकट व्हॉल्व्ह स्पीकर हलवतो. मास्टरचं बटण या दोहोंच्या मधोमध बसतं. पहिल्या टप्प्यावर हवा तेवढा भार टाकावा आणि दुसऱ्याकडे थोडाच जाऊ द्यावा. दोन्ही टप्पे मिळून जो रस निघतो तो सगळा मिळत नाही. पण बराचसा मिळतो, आणि चाळ झोपलेली राहते.

तिसरी गोष्ट, हेडफोनची सोय. रात्री दहानंतर व्हॉल्व्हचा स्पीकर कितीही लहान केला तरी तो चाळीच्या शांततेत ऐकू जातोच. तेव्हा रात्रीसाठी हेडफोनला पर्याय नाही. इथं एक सावधगिरीची सूचना. स्पीकर काढून ठेवून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालू करू नये. त्याच्या शक्तीला वाट मिळाली नाही, तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेडफोनची सोय कारखान्यानं दिली असेल आणि 'स्पीकर तोडला तरी चालेल' असं पुस्तिकेत लिहिलं असेल, तरच तसं करावं.

चौथी गोष्ट, विजेचा दाब. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० सायकल. अमेरिकेतला मेहुणा किंवा मित्र हौसेनं यंत्र आणतो, ते १२० व्होल्ट आणि ६० सायकलचं. आपल्या भिंतीत खुपसलं की संपलं. मध्ये दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ६० सायकलसाठी केलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. हा सगळा खर्च धरला तर फुकटची वस्तू महाग पडते. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर २३० किंवा २४० लिहिलेलं पाहूनच पैसे मोजा.

इथं भाच्यानं मला अडवलं. "मामा, तुमच्या माळ्यावर जुने रेडिओ पडलेत. त्यातलाच एक गिटारला जोडून द्या ना! फुकटात काम होईल."

हे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येत असणार, म्हणून जरा थांबून सांगतो. जुन्या रेडिओत आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये नातं आहे, हे खरं. 'ईएल ८४' कितीतरी रेडिओंत असे, आणि आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही तो बनवला. पण त्या काळी काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून दोन्ही विजांवर चालणारे 'एसी-डीसी' सेट निघाले. त्यांच्या व्हॉल्व्हची नावं बहुधा 'यू' नं सुरू होतात : 'यूसीएल ८२', 'यूवाय ८५'. या सेटांत विजेपासून अलग करणारा ट्रान्सफॉर्मरच नसतो. आतला पत्रा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. रेडिओला लाकडी पेटी आणि बटणांना बाकेलाइटच्या टोप्या असत, म्हणून ऐकणारा वाचे. त्याच पत्र्याला गिटारची तार जोडली, तर ती वीज सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांत येईल. असा एक सेट उघडताना माझा उजवा हात संध्याकाळपर्यंत बधिर झाला होता. मी नवशिका नव्हतो, तरीही. तेव्हा हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका. चांगल्या यंत्रातही आत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ साठून राहतात. मागचा पत्रा उघडणं हे जाणत्याचं काम. घरातलं अर्थिंग ठीक आहे ना, हेही एकदा वायरमनकडून तपासून घ्यावं.

जुनं, वापरलेलं यंत्र घ्यायला हरकत नाही. स्वस्ताईचा तोच खरा मार्ग. मात्र दहा मिनिटं चालू ठेवून पाहा. नुसती बारीक घूं चालेल, पण ती वाढत जाता कामा नये. बटणं फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, ती साफ करता येते. दणकट व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद दिसला, तर मात्र हात जोडून निघा. व्हॉल्व्ह बदलावे लागतात, हाही खर्च धरा. आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथं बनतात. लहान व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकतात, दणकट व्हॉल्व्ह त्या मानानं लवकर थकतात.

दुकानातल्या परीक्षेची एक युक्तीही त्याला दिली. दुकानात सगळे मोठ्यानं वाजवतात, आणि मोठा आवाज कुणालाही आवडतो. आपण उलट करावं. आपलीच गिटार न्यावी, दुकानदाराशी साध्या आवाजात बोलता येईल इतका आवाज उतरवावा, आणि मग ऐकावं. त्या आवाजाला जे यंत्र गोड वाटेल, तेच घरी गोड वाटेल. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिलं. तेव्हा खर्जाचं बटण थोडं वाढवावं, म्हणजे सूर भरल्यासारखा होतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगितली : खिसा अगदीच लहान असेल, तर ट्रान्झिस्टरचा किंवा नव्या संगणकी पद्धतीचा लहान ॲम्प्लिफायर आणि बरे हेडफोन घे. त्यात कमीपणा नाही. रोज अर्धा तास वाजलेलं साधं यंत्र हे महिन्यातून एकदा वाजलेल्या व्हॉल्व्हपेक्षा श्रेष्ठ.

भाचा दोन शनिवार लॅमिंग्टन रोड आणि धोबीतलावच्या दुकानांतून फिरला. शेवटी वापरलेलं, पाच वॅटचं, पण दहाव्या हिश्शाची कळ असलेलं एक यंत्र घेतलं. विरार लोकलमध्ये ते मांडीवर घेऊन बसायला जागा मिळाली, याचंच त्याला नवल.

पण खरी परीक्षा पुढंच होती. मी त्याला म्हटलं, "आता शेजारच्या बाईंकडे जा आणि विचार." तो कचरला. मग मीच बरोबर गेलो. बाईंना सगळं सांगितलं, आणि त्यांच्या परवानगीनं त्यांच्याच खोलीत बसलो. पलीकडे भाचा वाजवू लागला. सूर जवळजवळ ऐकू येत नव्हता. पण खर्जाचा धप्प, धप्प असा ठोका भिंतीतून येत होता. बाई म्हणाल्या, "हाच. हाच झोप मोडतो." जाऊन पाहिलं तर यंत्र जमिनीवर, त्याच भिंतीला टेकवलेलं. ते समोरच्या भिंतीशी नेलं, स्टुलावर चौघडी घातलेली गोधडी ठेवून वर बसवलं, खर्ज जरा उतरवला. पुन्हा बाईंच्या खोलीत बसलो. आता पंख्याचाच आवाज तेवढा ऐकू येत होता.

बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला मी उठतेच. सुटीच्या दिवशी सहा ते आठ वाजव म्हणावं. आणि थोडं मोठ्यानं वाजवलं तरी चालेल. इतके दिवस विचारलं का नाही?"

या प्रश्नाला आम्हा दोघांपाशीही उत्तर नव्हतं. रोज रात्री हेडफोन, आणि सुटीच्या संध्याकाळी दोन तास व्हॉल्व्ह, असं आता ठरून गेलं आहे. मागच्या खेपेला मी गेलो, तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. भाच्यानं यंत्र आधीच चालू करून ठेवलं होतं, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो म्हणून. मागच्या जाळीतून तो तांबूस उजेड दिसला आणि मला आमच्या जुन्या रेडिओची आठवण झाली. तेवढ्यात पलीकडून भिंतीवर दोनदा टकटक झाली.

"बाई उठल्या," भाचा म्हणाला, आणि त्यानं गिटार उचलली.