‘ओए बस’ की ‘शोएब’?

बोईसरच्या गाडीत हेडफोन लावून बसलाय ना? मग आज कानांबद्दलच बोलू.

१६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन चालू. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं. त्याआधी व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती.

मग व्हिडिओ आला. गोंगाटात कुणीतरी ‘ओए बस’ म्हणतंय. म्हणजे पुरे, थांबा. पण सोबत मेसेज होता: नीट ऐका, ‘शोएब’ म्हणतायत. झालं! मुसलमानांनी मारलं. २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितलं, अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही.

खरं सांगू? मलाही ‘शोएब’च ऐकू आलं होतं. आधी मेसेज वाचला ना! तारापूर एमआयडीसीत माझ्याच शिफ्टला एक मुसलमान मित्र आहे. लॉकडाऊननंतर भेटलो, चहा प्यायलो. तो विषय त्याने काढला नाही, मीही नाही. तेवढं माझ्याकडून राहिलंय.

एक अफवा तीन जीव घेऊन गेली, तरी दुसरी आपण लगेच फॉरवर्ड केली. पुढच्या वेळी मेसेज न वाचता आधी आवाज ऐका. आणि शंका आलीच, तर शेजाऱ्यालाच विचारा.