मोरस उगवते ती जमीन पडीक नाही
(वनहक्क शिबिरातील भाषण)



डोंगरपाड्यांतल्या काही जणांनी मोरस पाहिली नसेल. खाडीकाठच्या बायांना ती सांगायला नको. भरतीचं पाणी येऊन जातं त्या खाजणात ती उगवते. पानं बारीक, गुबगुबीत. जून झाली की लालसर पडतात. कोवळे शेंडे खुडायचे, उकडून पाणी पिळून टाकायचं, करंदी नाहीतर वाल घालून भाजी करायची. वरून मीठ नको, ते पानातच असतं.

खाऱ्या मातीत दुसरी झाडं करपतात, मग ही कशी जगते? ती खारं पाणी ओढते आणि मीठ पानात साठवते, म्हणून पान जाड. तिचं आयुष्य एका सालाचं. पावसानं वरचा खार धुतला की बी रुजतं. झाड वाढतं, बी टाकतं, मरतं. म्हणून शेंडे खुडा, मुळासकट उपटू नका. बियांसाठी काही झाडं राखा. पण आपण राखली आणि कुणी मुरमाचा भराव टाकला, तर बी गाडलंच जाणार.

आता मुद्दा जमिनीचा. खाजणाला ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हटलं की कोळंबीची तळी खोदायला, भराव करायला ती मोकळी! जिथून आपल्या घरात भाजी, मासळी, खेकडे येतात, ती जमीन पडीक कशी?

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पूर्वापार गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर आपली मालकी मानली आहे, मग ते गावाच्या शिवेत असो की बाहेर. मासळीचा हक्कही त्याच कलमात आहे. हा कायदा वनजमिनीला लागतो. कांदळवनाची जमीन वन म्हणून धरा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगितलंय. तेव्हा आपलं खाजण कागदावर कशात आहे, ते आधी तलाठ्याकडे आणि वनखात्याकडे तपासा.

मग ग्रामसभेत सामूहिक दावा करा. भाजी कुठं, कोणत्या महिन्यांत खुडता ते लिहा, नकाशावर जागा दाखवा. दोन तरी पुरावे लागतात. जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हा त्यातला एक, पण तो दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. हा जबाब बायांचा घ्या, कारण खाजणात भाजीला त्याच जातात.

मध, डिंक, तेंदूपान आपण दाव्यात लिहितोच. त्या यादीत मोरसही लिहा.

जिंदाबाद!