बॉनेटखाली नवा भाग बसविताना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनप्रसंगी शुक्रवार पेठ, सोलापूर येथे झालेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण दरवर्षी ऐकता. आमच्यासारख्या, वंगणाने हात काळे झालेल्या माणसास येथे उभे करण्यात मंडळाने थोडे धाडसच केले आहे. आमचा विषयही साधा आहे. गाडी घरी आल्यानंतर तिला आपण बाजारातील जादा साहित्य जोडतो. कोणी मोठा भोंगा लावतो, कोणी प्रखर दिवे, कोणी गॅसचे किट, तर कोणी निराळा एअर फिल्टर. हे साहित्य जोडताना बॉनेटखालील मूळ यंत्ररचनेची जी हानी होते ती कशी टाळावी, एवढेच सांगण्याचा आमचा मानस आहे.

विषय साधा असला तरी क्षुल्लक मात्र नव्हे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी गाडी ही चैनीची वस्तू नसून पोटाचे साधन आहे. तिचे हप्ते फिटावयाचे असतात, आणि ती चार दिवस उभी राहिली तर घरातील चूल जाणवण्याइतकी मंदावते. उरलेल्यांच्या गाड्या सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या वाटेला लागतात. शिवाय, आपल्याच ज्ञातीतील काही होतकरू तरुण हे जादा साहित्य बसवून देण्याची लहान दुकाने चालवितात. म्हणजे ग्राहकही आपला आणि कारागीरही आपलाच. तेव्हा आमचे बोलणे उभयतांसाठी आहे, आणि त्यात कोणाचा कैवार घेण्याचा आमचा विचार नाही.

मुख्य गोष्ट प्रथम सांगतो. बाजारातून आणलेला भाग सदोष असल्यामुळे गाडी बिघडली, असे पुष्कळदा होत नाही. भोंगा चांगलाच असतो, दिवेही चांगलेच असतात. हानी होते ती त्यांच्या शेजाऱ्यांची. भोंगा बसविताना ज्या तारेचे कातडे सोलले गेले, जो प्लास्टिकचा खटका मोडला, जी रबरी नळी पान्याने चेचली गेली, त्यांनी गाडीचे काय वाकडे केले होते? परंतु सहा महिन्यांनी गाडी रस्त्यात बंद पडते ती त्यांच्यामुळे, आणि तोपर्यंत भोंग्याची आठवणही कोणास राहिलेली नसते. आपल्यापैकी अनेकजण मागाचा खडखडाट ऐकत लहानाचे मोठे झाले आहेत. त्यांना हे निराळे सांगावयास नको. चांगला जॉबर मागाचा एक भाग बदलताना आधी माग बंद करतो, आणि ताण्याच्या एकाही धाग्यास आपला हात लागणार नाही अशी काळजी घेतो. बॉनेटखालील तारांचा जुडगा हा असाच ताणा आहे, असे समजावे.

याचे एक सर्वश्रुत उदाहरण देतो. टाटा मोटर्सची नॅनो गाडी २००९ साली बाजारात आली. तिचे इंजिन मागील बाजूस असे. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवी कोरी नॅनो विक्रेत्याकडून घरी नेली जात असताना पेटली, आणि अशा आणखी काही घटना घडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने विजेच्या व धूर बाहेर टाकणाऱ्या यंत्रणांना जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. मात्र आगींची कारणे त्या त्या गाडीपुरती होती, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यांत दोन कारणे तिने सांगितली होती. पहिले, बाहेरून बसविलेले विजेचे जादा साहित्य. दुसरे, धुराच्या तप्त नळीवर राहून गेलेली परकी वस्तू. कंपनीचे म्हणणे हे अखेर कंपनीचे म्हणणे. ज्याने त्याने ते आपल्या अकलेने पारखावे. परंतु ही दोन्ही कारणे आमच्या व्यवसायातील कोणासही अनोळखी वाटणार नाहीत. काम आटोपल्यावर हात पुसण्याचे फडके इंजिनावरच विसरणारे फिटर आम्ही पाहिले आहेत. ते फडके तेलाने भिजलेले असते, आणि ज्या नळीवर ते पडते तिचा ताप इंजिन चालू असताना कित्येक शे अंशांवर जातो.

आता विजेकडे वळू, कारण निम्म्याहून अधिक घोटाळे तेथेच होतात. मोटारगाड्यांत सर्रास आढळणारा मूळ दिवा पंचावन्न-साठ वॅटचा असतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर पंचावन्न वॅटचा एक दिवा सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे दोन दिव्यांचे नऊ झाले. मूळ तार, खटका व दिव्याची प्लास्टिकची बैठक ही सर्व या हिशेबाने केलेली असतात. आता आपण हौसेने शंभर वॅटचे दिवे लावले की प्रवाह सतरा अँपिअरच्या घरात जातो. प्रवाह दुपटीपेक्षा कमीच वाढला, मग काय बिघडले, असे कोणी म्हणेल. परंतु तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे येथे ती तिपटीहूनही अधिक होते. मग बैठक पिवळी पडते, नंतर मऊ होते. आतील आरसा काळवंडतो आणि प्रखर दिव्याचा उजेड मूळ दिव्याहूनही मंद पडू लागतो! समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते निराळेच, आणि ते नियमातही बसत नाही. उजेड कमी वाटत असेल तर प्रथम दिव्याची काच स्वच्छ करावी व दिव्याचा रोख तपासून घ्यावा. याने दहांतील सात गिऱ्हाइकांचे समाधान होते, असा आमचा अनुभव आहे. दुकानदारास ही गोष्ट फारशी आवडत नाही.

ज्या साहित्यास खरोखरच अधिक प्रवाह लागतो, उदाहरणार्थ मोठा भोंगा किंवा धुक्याचे दिवे, त्यास मूळ तारेतून वीज देऊच नये. बॅटरीपासून स्वतंत्र, पुरेशी जाड तार आणावी, मध्ये रिले बसवावा आणि मूळ तारेने केवळ त्या रिलेस हुकूम द्यावा. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज असावा. फ्यूज भोंग्याच्या रक्षणासाठी असतो, असा समज सर्वत्र दिसतो. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांमधील तार कोठे पत्र्यास घासून उघडी पडली, तर तिला थांबविणारे कोणीच नसते. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि तार विडीसारखी पेटते. म्हणून ते असंरक्षित अंतर जेवढे तोकडे तेवढे बरे. फ्यूज जळाला म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालण्याची जी कला आपल्याकडे प्रचलित आहे, तिचे कौतुक करणे आमच्याच्याने होत नाही.

हा रिले आणि फ्यूज गाळला का जातो, याचे उत्तर कटू आहे. कारागिरास त्याची माहिती नसते असे नव्हे. गिऱ्हाईक भोंग्याच्या किंमतीत घासाघीस करीत नाही, कारण ती वेष्टनावर छापलेली असते. ते मजुरीत घासाघीस करते. मजुरीतून शंभर-दोनशे रुपये उतरले की कारागीर ते कोठून काढणार? जे डोळ्यांस दिसत नाही तेथूनच काढणार. रिले जातो, फ्यूज जातो, तारेची जाडी जाते आणि तारेवरील नळीही जाते. तरुण दुकानदारांना आमचे सांगणे असे की, रिले व फ्यूज यांचे पैसे बिलात निराळे दाखवावेत आणि गिऱ्हाइकाने ते कापण्याचा आग्रह धरल्यास नम्रपणे काम नाकारावे. एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्यावे.

तारांचे सांधे हा दुसरा भाग. मूळ तार दातांनी सोलून तिला नवी तार पीळ देऊन गुंडाळावयाची व वर काळी चिकटपट्टी लावावयाची, ही पद्धत थंड हवेच्या गावी काही दिवस तरी चालत असेल. आपल्या सोलापुरात वैशाखात सावलीतच पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. बॉनेटखाली काय होत असेल याचा विचार करावा. चिकटपट्टीचा गोंद पाघळतो, पट्टी सुटते, आणि पहिल्या पावसात सांध्यावर हिरवी बुरशी धरते. पुष्कळशा साहित्यासाठी मूळ जोडणीस जसेच्या तसे बसणारे तयार कपलर मिळतात. ते घ्यावेत, म्हणजे मूळ तार कापावीच लागत नाही. कापणे अटळच असेल तर सांधा चिमट्याने दाबून पक्का करावा व वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

तार कोठून नेली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. इंजिन आपल्या रबरी बैठकांवर डोलत असते. ॲक्सिलरेटर दाबताच ते बोट-दोन बोटे हलते. म्हणून इंजिनावरून चौकटीकडे जाणारी तार ताठ बांधू नये. तिला थोडी ढील ठेवावी. धुराच्या नळीपासून, पंख्यापासून व पट्ट्यापासून ती दूर असावी. आतल्या बैठकीकडे तार नेण्यासाठी पत्र्याच्या पडद्यास नवे भोक पाडले, तर त्यात रबरी ग्रोमेट बसविल्यावाचून तार ओवू नये. पत्र्याची धार ही सुरीच असते, आणि गाडीचा प्रत्येक हादरा म्हणजे तिचा एक वार. आमच्याकडे एका शहरातील दुकानातून जोडलेल्या भोंग्याची गाडी आली होती. तिची तार अशाच उघड्या भोकातून गेलेली होती. धूर निघाला तेव्हा गाडी सुदैवाने घराच्या दारातच उभी होती.

कोणतेही विजेचे काम आरंभण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, आणि काम संपल्यावर तेच शेवटी जोडावे. हा क्रम उगाच नाही. गाडीचा सारा पत्रा ऋण टोकास जोडलेला असतो. आधी धन टोक सोडवू लागलात आणि पाना पत्र्यास टेकला तर ठिणगी उडते. आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, हे विसरता येत नाही. आधुनिक गाडीत इंजिनाचा कारभार पाहणारा छोटा संगणक असतो. अशा ठिणगीने तो दगावला तर दुरुस्तीचा खर्च सर्व भोंग्यांच्या किंमतीहून मोठा होतो. पिवळ्या वेष्टनाच्या तारा एअरबॅगच्या असतात, आणि हायब्रिड व विजेच्या गाड्यांत नारिंगी तारांतून प्राणघातक दाब खेळत असतो. या दोहोंना गल्लीतील कारागिराने स्पर्शही करू नये.

यांत्रिक भागांविषयी थोडक्यात सांगतो. हवेची नळी उघडली की तिच्या तोंडावर तत्काळ स्वच्छ कापड घट्ट बांधावे. आत पडलेला एक लहानसा वायसर झडपेतून पिस्टनवर गेला तर इंजिन उघडावे लागते. काढलेले नट-बोल्ट ताटलीत मोजून ठेवावेत. स्पार्क प्लग थंड इंजिनातच बदलावा, आणि पहिले आटे पान्याने नव्हे तर बोटांनी फिरवावेत. ॲल्युमिनियमचे आटे एकदा वाकडे कापले गेले की ते पुन्हा सरळ होत नाहीत. उघड्या तोंडाचा शंकूसारखा एअर फिल्टर तरुणांना त्याच्या घरघराटामुळे फार आवडतो. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि आपल्याकडील धुळीत लवकर तुंबतो. घरघराटाव्यतिरिक्त त्यापासून काय मिळते हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. रेडिएटरच्या थेट पुढे परातीएवढे भोंगे टांगणारेही आहेत. उन्हाळ्यात तेथून जाणारी हवा अडविणे हे रेडिएटरचा गळा दाबण्यासारखेच होय. पुढे लोखंडी गार्ड लावण्याविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईस सांगितले आहे, हेही येथेच सांगून टाकतो.

गॅसच्या किटबाबत मात्र काटकसर मुळीच करू नये. टाकीतील सी.एन.जी.चा दाब सुमारे २०० बार, म्हणजे आपल्या चाकातील हवेच्या सुमारे ऐंशी-नव्वद पट असतो. हा दाब उतरविणारे यंत्र बॉनेटखाली बसवितात. दाब उतरताना वायू अतिशय थंड होतो, म्हणून त्या यंत्रास रेडिएटरचे गरम पाणी खेळवून ऊब द्यावी लागते, आणि त्यासाठी पाण्याची मूळ नळी कापून सांधा घालतात. पाणी गळते ते याच सांध्यातून. किट बसविल्यावर महिनाभर पाण्याची पातळी रोज सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. किट मान्यताप्राप्त असावे, ते अधिकृत केंद्रातच बसवावे, त्याची नोंद आपल्या आर.टी.ओ. कार्यालयात नोंदणीपुस्तकावर करून घ्यावी आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीत मूलभूत फेरफार करण्यास बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. विमा कंपनीसही कळवावे. आग लागल्यानंतर नोंद नसलेले किट निघाले, तर नुकसानभरपाईच्या अर्जाचे काय होते हे सांगण्यास आमची गरज नाही.

काम चालू असताना मालकाने चहास जाऊ नये, जवळ उभे राहावे. बॉनेट बंद होण्यापूर्वी फ्यूज कोठे बसविला ते दाखविण्यास सांगावे, तार बोटाने हलवून पाहावी, फडके व पाने मोजून परत गेले का ते पाहावे. मग इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून जळका वास येतो का, याकडे लक्ष द्यावे. पुढे पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा बॉनेट उघडून तेच सारे तपासावे. सभा संपल्यावर आमची गाडी बाहेर पटांगणात बॉनेट उघडून उभी असेल. तिच्यात रिले, फ्यूज आणि ग्रोमेट जेथल्या तेथे आहेत. ज्या बंधुभगिनींना ते प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांनी अवश्य यावे, आणि दुकान चालविणाऱ्या तरुणांनी आपापले प्रश्न घेऊन यावे.